मारणारा तिसराच

१९७५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये एक निबंध छापून आला. पानं पाच, लेखक सहा. पहिलं नाव एलिझाबेथ कार्सवेल यांचं, दुसरं लॉइड ओल्ड यांचं. काम न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग कॅन्सर संस्थेतलं. मथळा मराठीत सांगायचा तर, एण्डोटॉक्सिनमुळे रक्तजलात उतरणारा आणि गाठींचा नाश करणारा घटक. मथळ्यात अलंकार नाही, प्रश्नचिन्ह नाही, जग हलवून सोडल्याचा आव नाही. हा निबंध मी पुन्हापुन्हा वाचतो तो माहितीसाठी नव्हे. त्यातली माहिती कधीच पाठ्यपुस्तकांत गेली आणि तिथे गेल्यावर बरीच दुरुस्तही झाली. वाचतो तो त्याच्या बांधणीसाठी. जिवाणूच्या अंगावरचं एक स्निग्ध द्रव्य कॅन्सरच्या गाठीला मारतं, हे वाक्य तोवर अनेकांनी अनेकदा लिहून झालं होतं. या सहा जणांनी दाखवून दिलं की त्या वाक्याचा कर्ताच चुकला आहे.

वाक्य जुनं होतं ते असं. १८९१ मध्ये विल्यम कोली हा न्यूयॉर्कमधला उमेदवारीतला सर्जन. बेसी डॅशिएल नावाची सतरा वर्षांची मुलगी हाडाच्या सार्कोमाने गेली, हात कापूनही वाचली नाही. कोली इस्पितळातले जुने कागद उपसत बसला आणि त्याला फ्रेड स्टाइन सापडला. या माणसाच्या मानेवरची गाठ कितीदा कापली तरी उगवत होती. मग त्याला एरिसिपेलस झालं. आपल्याकडे ज्याला धावरं म्हणतात तेच हे. कातडी लालभडक होते, ताप फणफणतो. त्या तापात गाठ विरघळली. कोलीने मॅनहॅटनच्या गरीब वस्तीत जिने चढून-उतरून स्टाइनला प्रत्यक्ष गाठलं. सात वर्षांनंतरही तो ठणठणीत होता. मग कोलीने रोग्यांना स्ट्रेप्टोकॉकस जिवाणू जिवंतच टोचून पाहिले. त्यात धोका फार, म्हणून पुढे मारलेले जिवाणू वापरले, आणि जोडीला आणखी एक जिवाणू घेतला. त्या काळी त्याचं नाव बॅसिलस प्रॉडिजिओसस, आज सेराशिया. तो घेतला कशाला, तर स्ट्रेप्टोकॉकसचा जोर वाढावा म्हणून, निव्वळ साहाय्यक म्हणून. १८९३ मध्ये पोटात मोठी गाठ असलेल्या जॉन फिकनला या मिश्रणाची इंजेक्शनं दिली. तो पुढे २६ वर्षं जगला.

कोलीच्या नाटकात या साहाय्यकाचंच काम मोठं होतं, हे ध्यानात यायला अर्धशतक गेलं. १९४३ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये मरे शिअर यांनी सेराशियातून गाठीत रक्तस्राव घडवणारा अंश वेगळा काढला. तो निघाला लायपोपॉलिसॅकराइड: सेराशियाच्या गटातल्या जिवाणूंच्या बाहेरच्या पटलात खोवलेला, एका टोकाला साखर आणि दुसऱ्या टोकाला चरबी असा रेणू. यालाच एण्डोटॉक्सिन म्हणतात. गाठ असलेल्या उंदराला तो टोचला की गाठीचा मध्य काही तासांत काळवंडतो. आता इथे खरा पेच आहे. तोच रेणू काचेच्या बशीत वाढवलेल्या गाठीच्या पेशींवर ओतला तर त्यांना विशेष काही होत नाही. उंदरात मारतो, बशीत मारत नाही.

मग मारतं कोण?

कार्सवेल आणि ओल्ड यांचा प्रयोग एवढ्या एका प्रश्नावर उभा आहे. आधी निरोगी उंदरांना बीसीजी टोचायचं. हे तेच बीसीजी, ज्याचा वण आपल्यापैकी बहुतेकांच्या डाव्या दंडावर आहे. कॅल्मेट आणि गेरँ यांनी फ्रान्समधल्या लील शहरात १९०८ ते १९२१ अशी तेरा वर्षं, पित्त आणि ग्लिसरीन लावलेल्या बटाट्यावर वाढवत वाढवत मवाळ केलेला गाईगुरांच्या क्षयाचा जिवाणू. टोचून झालं की दोन-तीन आठवडे काही करायचं नाही. एवढ्या अवधीत उंदराच्या यकृतात आणि प्लीहेत मॅक्रोफेज, म्हणजे परकं काही दिसलं की गिळणाऱ्या पेशी, दाटीवाटीने वाढतात. मग शिरेतून थोडं एण्डोटॉक्सिन द्यायचं. दोन तासांनी रक्त काढायचं, गोठू द्यायचं, वर आलेलं पिवळसर रक्तजल वेगळं करायचं. हे रक्तजल द्यायचं दुसऱ्याच उंदराला. या दुसऱ्या उंदराला ना बीसीजी दिलेलं असतं, ना एण्डोटॉक्सिन. त्याच्या कातडीखाली फक्त मेथ-ए नावाच्या सार्कोमाची वाटाण्याएवढी गाठ असते. दुसऱ्या दिवशी त्या गाठीचा मधला भाग काळानिळा पडलेला दिसतो.

निकाल टिपायची रीत तर इतकी साधी की आजच्या वाचकाला हसू यावं. उघड्या डोळ्यांनी गाठ बघायची आणि किती भाग काळा पडला त्यानुसार एक, दोन किंवा तीन अधिकची चिन्हं द्यायची. काहीच नसेल तर उणेचं चिन्ह. तक्त्यांतले ते अधिक-उणे मी आधी वाचतो, मजकूर मागाहून. नुसतं बीसीजी दिलेल्या उंदराचं रक्तजल: परिणाम नाही. नुसतं एण्डोटॉक्सिन दिलेल्याचं: तेही नाही. दोन्ही दिलेल्याचं: गाठ काळी. उत्तम नाटककार जसा पात्रांना एकेकटं रंगमंचावर आणून त्यांचा दुबळेपणा आधी दाखवून घेतो आणि मगच त्यांची गाठ घालून देतो, तशी ही रचना आहे.

पण निबंधाचा कस लागतो तो पुढच्या टप्प्यावर. कुणीही चिकित्सक वाचक म्हणेल, अहो, पहिल्या उंदराला एण्डोटॉक्सिन दिलंच होतंत, त्यातलंच थोडं रक्तजलात उरलं असेल आणि तेच दुसऱ्या उंदरात काम करत असेल. यात नवं ते काय? ही शंका क्षुल्लक नाही. एण्डोटॉक्सिन महाचिवट असतं. उकळलं तरी त्याचा गुण जात नाही, आणि अत्यल्प मात्रेतही शरीर त्याची दखल घेतं. लेखकांनी निबंधाचा मोठा भाग या एका आक्षेपासाठी खर्च केला आहे. एकाच निर्णायक चाचणीवर ते विसंबले नाहीत. निरनिराळ्या बाजूंनी दाखवत गेले की रक्तजलातलं हे द्रव्य एण्डोटॉक्सिनसारखं वागत नाही, म्हणजे हा घटक यजमानाच्याच पेशींनी सोडलेला असला पाहिजे. मला यात जुन्या न्यायशास्त्रातल्या पूर्वपक्षाची शिस्त दिसते. प्रतिपक्षाचं म्हणणं त्याच्याहूनही नेटकं मांडायचं आणि मगच खोडायला घ्यायचं.

आणखी एक बारकी हालचाल आहे, ती घाईत वाचणाऱ्याच्या हातून निसटते. बीसीजीच्या जागी कॉरिनेबॅक्टेरियम हा वेगळाच जिवाणू चालतो. झायमोसानही चालतं, आणि झायमोसान तर यीस्टच्या पेशीभित्तीचा चुरा. याचा अर्थ पहिल्या टप्प्यात बीसीजीचं स्वतःचं असं काही मोठेपण नाही. काम आहे ते मॅक्रोफेजची फौज वाढवण्याचं, आणि ती कुणीही वाढवली तरी चालते. हे नमूद करताना ओल्ड यांना थोडं जड गेलं असणार असं मला उगाच वाटतं. कारण बीसीजीने उंदरांतल्या गाठींना आळा बसतो, हे १९५९ मध्ये ‘नेचर’मध्ये सांगणाऱ्यांत ते स्वतःच होते. आपल्याच आवडत्या पात्राची भूमिका त्यांनी कापली.

आणि एक शब्द. घटक कुणी सोडला हे सांगताना सारांशात लेखक म्हणतात, मॅक्रोफेजनी, बहुधा. सगळे पुरावे मॅक्रोफेजकडे बोट दाखवत होते. पण त्या पेशी वेगळ्या काढून त्यांच्याकडून हे द्रव्य करवून घेतलेलं नव्हतं, म्हणून ‘बहुधा’. शेवटचं वाक्यही तसंच. हाच घटक एण्डोटॉक्सिनने होणाऱ्या गाठनाशाचा मध्यस्थ आहे असं आम्ही सुचवतो, एवढंच ते म्हणतात; आणि चेतवलेले मॅक्रोफेज बिघडलेल्या पेशींना आवरतात तेही कदाचित याच घटकामुळे, असं पुस्तीसारखं जोडतात. घटकाला त्यांनी नाव दिलं ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर. पुढे जगाने ते टीएनएफ असं आखडून घेतलं. बाकी सगळीकडे इतका सावधपणा बाळगणाऱ्या लेखकांनी मोकळा हात सोडला तो या एका नावात. नेमकं तेच पुढे अंगाशी आलं.

आपल्या काव्यशास्त्राने अर्थाच्या वाटा अभिधा, लक्षणा आणि व्यंजना अशा सांगितल्या. शब्द सरळ जे सांगतो ते एक, आणि तो ऐकून सहृदयाच्या मनात जे उमटतं ते निराळं. एण्डोटॉक्सिन गाठीला मारतं ते व्यंजनेने. गाठीला ते स्वतः काही करत नाही. ते मॅक्रोफेजला काहीतरी सुचवतं, मॅक्रोफेज टीएनएफ सोडतो, आणि टीएनएफ जाऊन मारतो. मॅक्रोफेज तयारीचा नसेल तर रक्तजलात मारण्याइतकं काही उतरत नाही. नुसतं एण्डोटॉक्सिन दिलेल्या उंदराच्या रक्तजलापुढचं उणेचं चिन्ह तेच सांगतं.

आता त्या सुचवणाऱ्याकडे जवळून पाहायला हवं. लायपोपॉलिसॅकराइडचा लांबलचक रेणू घेतला तर त्यात बाहेरच्या बाजूला शर्करांच्या रांगा असतात, मध्ये एक गाभा, आणि तळाशी पटलात रुतलेला चरबीचा तुकडा. त्याला लिपिड-ए म्हणतात. विषाचा सगळा गुण या तळच्या तुकड्यात आहे, असं जर्मनीत ऑटो वेस्टफाल आणि ऑटो ल्यूडरिट्झ १९५० च्या दशकापासून सांगत होते. शंका पूर्ण फिटली ती १९८५ मध्ये, जपानमधल्या ओसाकात लिपिड-ए प्रयोगशाळेत पहिल्यापासून घडवून पाहिलं गेलं तेव्हा. जिवाणूचा स्पर्शही न झालेला हा कृत्रिम रेणू तंतोतंत तेच परिणाम करत होता.

ई. कोलायच्या लिपिड-एची घडण अशी: ग्लुकोसामीन या शर्करेचे दोन खडे एकमेकांना जोडलेले, दोन्ही टोकांना एकेक फॉस्फेट, आणि खाली लोंबणाऱ्या सहा मेदाम्ल साखळ्या. पाच साखळ्या चौदा कार्बनच्या, एक बारांची. हा आकडा सैल नाही. अक्षरगणवृत्तात एक अक्षर गळालं की ओळ लंगडते, तितका तो काटेकोर आहे. सहापैकी पाच साखळ्या मॅक्रोफेजच्या एमडी-२ या प्रथिनाच्या खोबणीत शिरतात. सहावी आत मावत नाही, ती पृष्ठभागावर पसरते आणि शेजारच्या टीएलआर-४ या ग्राहकाला धरून ठेवते. दोन ग्राहक असे जोडले गेले की आत हाक जाते. ही रचना २००९ मध्ये स्फटिकरूपात दिसली. दोन साखळ्या काढून चारच ठेवल्या तर? माणसाच्या पेशीत हा चार साखळ्यांचा रेणू त्याच खोबणीत जाऊन बसतो, पण हाक जात नाही, उलट जागा अडते. आणि उंदराच्या पेशीत तोच रेणू थोडीफार हाक देतोही. अर्थ रचनेइतकाच रसिकावरही ठरतो म्हणतात, तो असा रसायनशास्त्रातही भेटतो. एक फॉस्फेट काढून टाकलं की विषाचा भर ओसरतो आणि रोगप्रतिकाराला टोचणी देण्याचा गुण बराचसा उरतो. हा सौम्य केलेला रेणू गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धच्या ‘सर्व्हारिक्स’ लशीत सहायक म्हणून घातलेला आहे.

टीएलआर-४ सापडला त्याची गोष्ट कार्सवेल यांच्या निबंधाचीच उलट बाजू आहे. सी३एच/एचईजे या जातीच्या उंदरांना एण्डोटॉक्सिन बाधत नाही, हे संशोधकांना बऱ्याच काळापासून माहीत होतं. ब्रूस ब्यूटलर यांनी वर्षानुवर्षं त्या उंदरांतला दोष शोधला. दोषी आणि निर्दोष पेशी ओळखायला त्यांच्या हातात कसोटी होती ती हीच, एण्डोटॉक्सिन दिल्यावर पेशी टीएनएफ करते की नाही. १९९८ मध्ये दोष सापडला: टीएलआर-४ च्या ७१२ व्या जागी प्रोलीनऐवजी हिस्टिडीन. एका अमिनो आम्लाचा फरक, आणि सबंध जनावर या चरबीला बहिरं. ब्यूटलर यांना २०११ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

आता नावाकडे. निबंधात नाश दाखवण्यासाठी नेक्रोसिस हा शब्द आहे. पेशी फुगते, फुटते, आतला ऐवज बाहेर सांडतो, आजूबाजूला दाह होतो, असं मरण. गाठीच्या काळ्या पडलेल्या मध्यावर तो शब्द शोभतोही. पण त्याच्या तीन वर्षं आधी, १९७२ मध्ये, जॉन केर, अँड्र्यू वायली आणि अॅलिस्टर करी यांनी ‘ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये दुसऱ्या एका मरणाचं वर्णन केलं होतं. पेशी आवळते, तिचं केंद्रक घट्ट होऊन तुकड्यांत विभागतं, सगळी पेशी पटलात गुंडाळलेल्या लहान पुड्यांत वाटली जाते आणि शेजारच्या पेशी त्या पुड्या गुपचूप गिळून टाकतात. सांडलवंड नाही, दाह नाही. हे मरण पेशी स्वतःच्याच यंत्रणेने घडवून आणते, ठरल्यासारखं. त्यांनी त्याला अपॉप्टोसिस म्हटलं. स्लोन-केटरिंगच्या निबंधातला घटक या दुसऱ्या मरणाचाही मोठा चालक निघणार होता. उंदराच्या गाठीच्या मध्यावरची काळी छाया मात्र मुख्यत्वे तिथल्या रक्तवाहिन्यांच्या विध्वंसातून येते. अस्तराच्या पेशी कोलमडतात, रक्त पाझरतं, गाठ उपाशी मरते. म्हणजे तीन अधिकच्या चिन्हांत निदान दोन निरनिराळ्या गोष्टी एकात एक मिसळल्या होत्या. रसिक म्हणून मला ही त्रुटी खुपते. पण १९७५ मध्ये त्या दोन गोष्टी वेगळ्या करायची साधनं नव्हती, हेही खरं.

साधनं आल्यावर जे दिसलं ते अधिकच गुंतागुंतीचं आणि, मला विचाराल तर, मूळ निबंधाहून सुंदर आहे. टीएनएफचा रेणू तिहेरी असतो. तो पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहकाला चिकटला की ग्राहकाच्या आतल्या टोकाशी प्रथिनांचा जमाव गोळा होतो. पहिला जमाव पटलाशीच बसतो आणि आश्चर्य म्हणजे जगण्याची आज्ञा देतो. एनएफ-कॅपा-बी नावाचा नियंत्रक केंद्रकात जातो आणि मरण अडवणारी प्रथिनं लिहून घ्यायला लावतो. त्यातलं एक सी-फ्लिप. काही वेळाने जमावातली काही प्रथिनं पटल सोडून पेशीद्रवात उतरतात, तिथे फॅड आणि कॅस्पेज-८ या प्रथिनांना भेटतात, आणि दुसरा जमाव बनतो. आता सी-फ्लिप पुरेसा तयार झालेला असेल तर कॅस्पेज-८ गप्प राहतं. नसेल तर ते स्वतःला कापून जागं होतं, कॅस्पेज-३ ला जागं करतं, आणि १९७२ च्या निबंधात रेखाटलेलं मरण सुरू होतं: आवळणं, तुकडे होणं, पुड्या.

म्हणजे मृत्यूचा निरोप घेऊन येणारा हा दूत आधी संरक्षणाची तजवीज करायला सांगतो आणि ती झालीच नाही तर मारतो. १९९६ मध्ये ‘सायन्स’मध्ये एकापाठोपाठ आलेल्या निबंधांनी दाखवलं की एनएफ-कॅपा-बीचा मार्ग बंद केला की एरवी टीएनएफला दाद न देणाऱ्या पेशी पटापट मरतात. बहुतेक निरोगी पेशी टीएनएफने का मरत नाहीत, आणि कित्येक कॅन्सरपेशीही का मरत नाहीत, या दोन्हींचं उत्तर इथे एकच आहे. १९७५ च्या निबंधात रक्तजल दोन कॅन्सरपेशींच्या वाणांना मारक ठरलं आणि उंदराच्या भ्रूणपेशींना त्याने काही केलं नाही. तो नुसता निवडक विषारीपणाचा मुद्दा वाटला होता. प्रत्यक्षात तो पेशीच्या आत चाललेल्या एका शर्यतीचा निकाल होता. आणि पुढे जिच्यावर टीएनएफ मोजायची प्रमाण चाचणी बेतली गेली ती एल९२९ ही पेशी तर कॅस्पेज-८ ची वाट सोडून वेगळ्याच मार्गाने फुटते. त्याला नेक्रॉप्टोसिस म्हणतात. ते फुटणं असलं तरी तेही ठरवून केलेलंच. नाव ठेवणाऱ्यांना इथे थोडं समाधान मिळायला हरकत नाही.

मध्यस्थाची ही सगळी कथा पक्की बसल्यावर एक धक्का यायचा होता. २०११ ते २०१५ या काळात विश्व दीक्षित यांचा जेनेन्टेक या कंपनीतला गट, चीनमधले फेंग शाओ आणि इतरांनी दाखवलं की लिपिड-ए पेशीच्या बाहेरून नव्हे तर थेट आत, पेशीद्रवात पोचलं तर मध्यस्थाची गरजच उरत नाही. उंदरात कॅस्पेज-११ आणि माणसात कॅस्पेज-४ ही प्रथिनं लिपिड-एला स्वतःच मिठी मारतात, जागी होतात, गॅसडर्मिन-डी कापतात, आणि त्याचे तुकडे पेशीच्या पटलात भोकं पाडतात. पेशी फुटून मरते. या वेळी ना ग्राहक, ना मॅक्रोफेज, ना टीएनएफ. जिवाणूची चरबी आणि मरणाचं हत्यार यांची समोरासमोर गाठ. आणि इथेही साखळ्यांची मोजदाद सुटत नाही: उंदराच्या कॅस्पेज-११ ला चार साखळ्यांचा रेणू ओळखू येत नाही. रोगप्रतिकाराशी थेट संबंध नसलेल्या, अस्तराच्या साध्या पेशींतही कॅस्पेज-४ असतं. म्हणजे ज्याची व्यंजना आपण वाखाणत होतो त्या रेणूला अभिधाही होती, फक्त ती उंबरठ्याच्या आत बोलायची होती.

रोग्यांपर्यंत पोचताना मात्र या कथेची वाट बिकट झाली. १९८४ मध्ये टीएनएफचं जनुक हाती आलं, प्रथिन हवं तितकं करता येऊ लागलं, आणि ते शिरेतून कॅन्सरच्या रोग्यांना देऊन पाहिलं गेलं. रक्तदाब कोसळू लागला. सोसवेल एवढ्या मात्रेत गाठींना काही होईना, आणि गाठींना होईल एवढी मात्रा सोसवेना. १९८५ मध्ये ब्यूटलर आणि अँथनी सेरामी यांनी दाखवलं की रोग्याला झिजवणारं कॅकेक्टिन आणि हा टीएनएफ एकच. कॅन्सर मारणारा म्हणून ज्याचं नाव ठेवलं, तोच माणसाला खंगवतो. आज बहुतेक रुग्ण टीएनएफ हे नाव प्रथम ऐकतात ते संधिवाताच्या डॉक्टरकडे, आणि तिथे औषध असतं ते त्याला अडवणारं.

तो कामी आला तो कोंडल्यावर. लेज्यून आणि लिएनार यांनी १९९२ मध्ये मांडलेली रीत अशी: हातात किंवा पायात सार्कोमा असेल तर त्या अवयवाची रोहिणी आणि नीला शरीरापासून तोडून हृदय-फुप्फुस यंत्राला जोडायची, वर आवळपट्टी बांधायची, रक्त ३९ ते ४० अंशांपर्यंत तापवायचं, आणि त्या बंद फेऱ्यात टीएनएफ आणि मेल्फलान हे कॅन्सरचं औषध सोडायचं. सबंध शरीराला सोसेल त्याच्या सुमारे दहापट मात्रा इथे चालते. किरणोत्सारी खूण लावलेलं द्रव्य आत घालून गळती होते का यावर सतत नजर ठेवावी लागते. शेवटी सगळं धुऊन काढायचं, मग रक्ताभिसरण पुन्हा जोडायचं. युरोपात याला १९९९ मध्ये मान्यता मिळाली, आणि एरवी कापावे लागले असते असे कित्येक पाय वाचले.

दुसरी बंद जागा मूत्राशय. १९७६ मध्ये, कार्सवेल यांच्या निबंधानंतर वर्षभरातच, कॅनडातल्या अल्व्हारो मोरालेस यांनी मूत्राशयाच्या अस्तरातल्या वरवरच्या कॅन्सरवर बीसीजीचा वापर नऊ रुग्णांत करून पाहिला. नळीवाटे आत सोडायचं, आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. आजही या कॅन्सरवर ते प्रमुख औषध आहे. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट मूत्राशयासाठीचं बीसीजी वेगळं बनवते. रुग्णाला ते साधारण दोन तास आत धरून ठेवावं लागतं. क्षयजिवाणूच्या भित्तीत मायकोलिक आम्लासारखी लांबच लांब, मेणचट मेदद्रव्यं ठासून भरलेली असतात. त्यांच्या आणि भित्तीतल्या इतर घटकांच्या चिथावणीने मूत्राशयात न्यूट्रोफिल पेशींची रीघ लागते. २००४ मध्ये आयोवा विद्यापीठातल्या गटाने या न्यूट्रोफिलांवर आणि रुग्णांच्या लघवीत ट्रेल नावाचं प्रथिन दाखवलं. ज्यांना उपचार लागू पडला त्यांच्यात ते अधिक होतं. ट्रेल हा टीएनएफच्याच घराण्यातला. तो गाठीच्या पेशीवरच्या ग्राहकाला धरतो, फॅड आणि कॅस्पेज-८ यांना एकत्र आणतो, आणि पेशी अपॉप्टोसिसने मरते. कार्सवेल यांच्या तक्त्यात बीसीजी हे केवळ पूर्वतयारीचं पात्र होतं, कॉरिनेबॅक्टेरियमने किंवा यीस्टच्या चुऱ्याने बदलता येण्यासारखं. मूत्राशयात ते एकट्यानेच दोन्ही भूमिका वठवतं.